चौकड्यांच्या चादरीतली नदी

चादर निम्मी घडी झाली होती. दोन टोकं माझ्या हातात, दोन वन्संच्या, आणि आम्ही एकमेकींकडे चालत येत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर टुण्ण करून वाजला. वन्संनी टोकं सोडली आणि गेल्या. अर्धी चादर फरशीवर, अर्धी माझ्या हनुवटीखाली.

"अहो वन्सं, निदान खुर्चीवर तरी टाकायची," मी म्हटलं.

"आलेच वहिनी. नदी संपली."

नव्या माणसाने हे ऐकलं तर तो दारातूनच परत जाईल. आमच्याकडे मात्र "नदी संपली" म्हणजे कॉम्प्युटरमधला नदीचा हिशोब पुरा झाला, आणि "नदी अडकली" म्हणजे तो मध्येच बंद पडला. नदी अडकली की त्या दिवशी वन्संशी भाजीत मीठ किती एवढंच बोलायचं. संपली की घरभर शीळ ऐकू येते. त्या दिवशी शीळ ऐकू आली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याहून वयाने लहान, तरी मी त्यांना अहो-जाहोच करते. लग्न होऊन आले तेव्हा तोंडात बसलं ते बसलं. त्या मला वहिनी म्हणतात आणि अगंतुगं करतात. लग्न त्यांनी केलं नाही. तो विषय घरात कुणी काढत नाही, एक सासूबाई सोडून, आणि त्याही हल्ली फक्त दुसऱ्या कुणाच्या लग्नाहून आल्यावरच काढतात.

त्यांचं काम काय, असं कुणी विचारलं की पूर्वी मी "नदीच्या ऑफिसात असतात" एवढं सांगून चहा टाकायला उठायचे, कारण पुढचा प्रश्न मला झेपणारा नसायचा. आता जमेल तसं सांगते. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, नदीवर, एक धरण आहे आणि त्याच्या पाण्यावर वीज तयार होते. धरणातून पाणी कमी सोडलं, जास्त सोडलं, तर खाली कुठे किती खोल पाणी राहील, ते किती वेगाने वाहील, आणि त्यात राहणाऱ्या जिवांचं काय होईल, हे आधीच ताडून बघायचं असतं. खऱ्या नदीवर असले प्रयोग करत बसलं तर मासे मरतील आणि मग कळेल. म्हणून वन्सं कॉम्प्युटरमध्ये नदीची नक्कल करतात. तिला त्या मॉडेल म्हणतात. सासूबाई "तिची ती खोटी नदी" म्हणतात.

सासूबाईंना त्यात नवल काही वाटत नाही. "ही लहानपणी न्हाणीघराच्या मोरीत फडकं कोंबून बसायची," त्या सांगतात. "पाणी तुंबवायचं, मग फडकं जरासं उचलायचं आणि साबणाचा फेस कुठून जातो ते बघायचं. आम्ही बाहेर टॉवेल घेऊन ताटकळत. आता त्याचाच पगार मिळतो." वन्सं अजूनही तशाच आहेत. भाजी धुवायला सांगितली तर नळ सोडून सिंकमध्ये बघत उभ्या राहतात. पातेल्याच्या मागे पाणी कसं संथ होतं, एखादं पान तिथे कसं गोल फिरत राहतं. भाजी मीच धुते. त्या देव मानतात की नाही, मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही. पण तळ दिसेल असं स्वच्छ पाणी पाहून त्या बोलता बोलता थांबतात. ते मी आपलं प्रार्थनेत धरते.

तर त्या दिवशी शीळ घालत बाहेर आल्या आणि माझ्या हातातली चादर ओढून घेतली. मला वाटलं, घडी पुरी करतील. त्यांनी ती सरळ पलंगावर पसरली.

"बस. आज तुला दाखवतेच."

"वन्सं, धुतलेली आहे ती."

"नदीसुद्धा धुतलेलीच असते."

चादर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची. त्यांनी दोन्ही बाजूंना खाली उशा सारल्या, मध्ये खळगा झाला. एका ठिकाणी माझी लोकरीची शाल गोळा करून आत कोंबली, तिथे उंचवटा आला.

"उशा म्हणजे काठ. मधला खळगा म्हणजे पात्र. हा उंचवटा म्हणजे पायपुलाखालच्या वळणावरचं खड्यांचं बेट, तू पाहिलंयस ते. आता हे चौकोन बघ. नदीचे मी असेच चौकोन केलेत, फक्त पुष्कळ आणि बारीक. वरून किती पाणी येतंय ते मी सांगते. मग कॉम्प्युटर प्रत्येक चौकोनाला विचारतो, तुझ्याकडे पाणी किती खोल, वेग किती, आणि तुझ्या तळाला वाळू आहे, खडे आहेत की चिखल."

"आणि चौकोन खरं सांगतो?"

"बऱ्यापैकी. मग मी बघते, की ज्या माशाला खड्यांत अंडी घालायची आहेत त्याला हा चौकोन आवडेल का. आवडेल तर हिरवा. चालवून घेईल तर पिवळा. नाही तर लाल."

मी चादरीकडे बघितलं. "मग यात मासे कुठे आहेत?"

"मासे नाहीत यात. माशांना राहता येईल अशी जागा आहे फक्त."

"म्हणजे तुम्ही पाहुण्यांची खोली झाडून ठेवायची, आणि पाहुणे येतील की नाही ते देव जाणे."

वन्संना हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते ऑफिसात सांगितलंही, माझ्या नावावर. आणि त्या दिवशी संपलेल्या नदीत वळण हिरवंगार होतं. खोली एकदम झाडून तयार.

हिरव्या वळणाला एवढं महत्त्व का, तेही सांगायला हवं. धरणाचा परवाना नव्याने व्हायचा होता. आत्ता सोडतात तेवढं पाणी नदीतल्या जिवांना पुरतं की नाही, हे वन्संच्या ऑफिसाने सांगायचं होतं, आणि एकदा का कागदावर आलं की पुढची कितीतरी वर्षं तसंच पाणी सुटणार. वन्संचं मॉडेल म्हणालं, पुरतं. ऑफिसच्या प्रमुख बाईंनी अहवालावर सही करून तो धरणाकडे पाठवलासुद्धा. आता उरली होती एक बैठक, तीही नावापुरती.

वन्संच्या ऑफिसात एकच माणूस खूश नव्हता. त्याला घरात सगळे मासेवाले सर म्हणतात. विकत नाहीत, अभ्यास करतात. गेली कितीतरी वर्षं दर आठवड्याला जाळं घेऊन नदीत उतरतात आणि सापडलेले मासे मोजून परत सोडतात. त्यांच्या कोटाला कायम ओलसर वास येतो, म्हणून सासूबाई त्यांना खिडकीजवळची खुर्ची देतात. वन्संचं आणि त्यांचं भांडण आमच्याच दिवाणखान्यात चालायचं.

"मॅडम, तुमच्या हिरव्या रंगात मासे नाहीत," सर म्हणायचे. "पाणी छान आहे, खडे छान आहेत. अंडी घालायला येतात, तेही मी बघतो. पण पिल्लं जाळ्यात येत नाहीत. गेल्या वर्षी नाही, यंदा नाही."

"तुमच्या जाळ्याला भोक असेल."

"जाळ्याला भोकंच असतात मॅडम, म्हणून त्याला जाळं म्हणतात. पण पिल्लं निसटतील एवढी मोठी नाहीत."

"मग तुम्ही चुकीच्या वेळी जात असाल."

"सूर्य उगवला की मी नदीवर असतो. माशांना याहून चांगली वेळ असेल तर त्यांनी मला सांगितलेली नाही."

हसत-हसत बोलायचे, पण सर गेल्यावर वन्संची शीळ बंद. एकदा चहाचा कप धुता धुता मला म्हणाल्या, "वहिनी, माणूस खोटं बोलणारा नाही. आणि माझं गणितही बरोबर आहे. मी परत परत तपासलंय." मग नळाखाली कप तसाच धरून उभ्या राहिल्या.

बैठक जवळ आली तसं त्यांनी ठरवलं, की वळणावर स्वतः जाऊन पाणी मोजायचं. नदीचा तळ मोजायला त्या पूर्वी गेल्या होत्या, पण तेव्हा धरणातली यंत्रं दुरुस्तीसाठी बंद होती आणि नदी ताटात ओतलेल्या पाण्यासारखी निवांत होती. नंतर सगळं काम खुर्चीतच. सुट्टीचा दिवस, ऑफिसचं कुणी नाही, मोजायच्या दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस हवं. माझी निवड झाली.

"तुला चादर धरायची सवय आहे," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्हाला सोडायची."

त्यांना पहाटेच निघायचं होतं. पण माझी सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही, आणि घाईत केलेली प्रार्थना मला केल्यासारखी वाटत नाही. ती आटपून, थर्मासमध्ये चहा भरून, बस मिळेपर्यंत ऊन चांगलं वर आलं. बसमध्ये वन्संनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. घड्याळ मात्र माझ्यासमोर धरून बघत होत्या.

पायपुलाच्या बाजूने एक पायवाट खाली उतरते. वन्संनी गमबूट चढवले, मी चपला काढून काठाच्या गोट्यांवर उभी राहिले. त्या काठी घेऊन पाण्यात, मी दोरीचं टोक धरून काठावर. त्या आकडे ओरडत होत्या, मी लिहीत होते. पाणी छान होतं. खड्यांवरून पातळ, लखलखीत, आवाज करत जाणारं. वन्संनी माझ्या हातातला कागद घेऊन मॉडेलच्या आकड्यांशी लावून बघितला आणि चेहरा खुलला.

"बघ. जवळजवळ तंतोतंत. चला, सरांना आता नवीन जाळं घेऊन देऊ."

आम्ही चहा प्यायला बसलो. थर्मास मी पाण्याच्या अगदी कडेला, एका सपाट दगडावर ठेवला होता. दगडाच्या पायथ्याशी पाणी खेळत होतं. वन्सं नेहमीसारख्या बोलत होत्या, सासूबाईंच्या चष्म्याबद्दल, आमच्या यांच्या वाढत्या पोटाबद्दल. मी दुसरा कप ओतायला वळले, तर थर्मास कोरड्यात उभा. पाणी बरंच पलीकडे गेलेलं.

"अगबाई, पाणी कुठे गेलं?"

वन्संनी वळून बघितलं आणि बोलायच्या थांबल्या. मला वाटलं, तळ दिसला म्हणून थांबल्या. तसं नव्हतं. मघाशी त्या गुडघाभर पाण्यात जिथे उभ्या होत्या तिथले गोटे आता अर्धे बाहेर आले होते, वरून ओले, उन्हात वाळत चाललेले. आमच्या डोळ्यांदेखत नदी अंग चोरून घेत होती. खड्यांच्या बेटाभोवतीचं पाणी तुटलं आणि मागे डबकी राहिली. वन्सं एका डबक्याशी गुडघे टेकून बसल्या. मीही वाकले. आधी मला काहीच दिसलं नाही. मग डबक्याचा तळच हलल्यासारखा वाटला. पिल्लं होती. शिवणाच्या सुईएवढी, पारदर्शक, नुसते डोळे तेवढे काळे. पाणी आणखी उतरलं की वाळूवर येणार होती.

"वहिनी, कप दे."

चहा त्यांनी गोट्यांवर ओतून दिला. थर्मासचं झाकण त्यांच्या हातात, कप माझ्या हातात. पाणी भरायचं, हलक्या हाताने पिल्लं आत घ्यायची आणि चालत जाऊन नदीत सोडायची. पाठ मोडून आली. सगळी काही निघाली नाहीत. वरच्या अंगाच्या एका डबक्यापाशी आम्ही पोचलो तोवर तिथे ओली वाळूच होती. तिथे वन्संनी काही केलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. देवाकडे माशांसाठी काही मागायची ती माझी पहिलीच वेळ.

मग त्या गोट्यावर बसल्या, गमबूट ओतून पाणी काढलं आणि म्हणाल्या, "जाळ्याला भोक नाही. मॉडेलला आहे."

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला समजावून सांगितलं, म्हणजे खरं तर स्वतःला. धरणाकडून त्यांना पाण्याचे आकडे येत, दिवसाला एक. दिवसभरात एकूण किती पाणी सोडलं त्याची सरासरी. सगळ्या ऑफिसात तेच वापरतात, पूर्वीपासून. एक तर आकडे तसेच मिळतात, आणि तासातासाचे घातले तर कॉम्प्युटर दिवसच्या दिवस चालतो. पण धरण काही सरासरीने वाहत नाही. सकाळी घराघरांत दिवे, गिझर, शेगड्या लागतात, विजेला मागणी येते, धरण भरपूर पाणी सोडतं. मागणी उतरली की एकदम दरवाजे आवळतं. ते पाणी उतरत-उतरत वळणावर येतं तोवर ऊन वर आलेलं असतं.

"आपल्या नळाला सकाळी धो-धो पाणी येतं, हो ना? नंतर ठणठणाट," त्या म्हणाल्या. "मी काय केलं, तर तेच पाणी दिवसभर बारीक धारेने येतं असं धरलं. हिशोब बरोबर. पण तसं पाणी दिवसाच्या कुठल्याच वेळी नळाला नसतं. आणि सर जातात भल्या सकाळी, भरल्या पाण्यात, तेव्हा पिल्लं कडेकडेला पांगलेली असतात. नंतर पाणी ओढलं जातं, तेव्हा सर ऑफिसात पोचलेले."

"आणि आज तुम्ही मोजलंत ते जुळलं कसं?"

"पाणी वरून खाली येताना एकदा तरी सरासरीवरून जाणारच की. आपण नेमके तेव्हा पोचलो." मग बाहेर बघत म्हणाल्या, "तू लवकर आटपली असतीस, तर आपण भरलेली नदी बघून घरी आलो असतो."

बोलण्यासारखं होतं पुष्कळ, पण ते माझ्या आणि देवाच्या मधलं.

जेवताना त्यांनी घरात सांगितलं. आमचे हे म्हणाले, "अहवाल गेलाय ना? सही प्रमुख बाईंची आहे ना? मग कशाला पाण्यात दगड टाकतेस? बैठकीला जा, चहा पी, परत ये."

"आणि वळण?"

"वळण काय पळून जातंय?"

सासूबाई मान खाली घालून विणत होत्या. त्यांचा एक स्वेटर वर्षानुवर्षं चाललेला आहे. कुणाच्या मापाचा, ते आता कुणी विचारत नाही. त्यांनी सुई थांबवली. "चुकलेला टाका वर दिसत नसला तरी मी उसवते," त्या यांना म्हणाल्या. "तू घालतोस तो उसवूनच बसवलाय, म्हणून नीट बसतो. वाढ गं तिला भाजी."

हा विषय तिथेच संपला. रोज रात्री चार ओळी लिहायच्या माझ्या वहीत त्या दिवशी मी एवढंच लिहिलं, की आज भाजी सगळ्यांनी दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी वन्संनी प्रमुख बाईंना सांगितलं. वन्सं म्हणाल्या, बाई रागावल्या नाहीत, आधी कॅलेंडर उघडलं. मग विचारलं, "बैठकीच्या आत होईल?" वन्सं "होईल" म्हणाल्या. होईल की नाही, त्यांनाही माहीत नव्हतं. तासातासाचे आकडे मागायला त्यांनी धरणावर फोन केला. त्यांची कल्पना, की आता नकार येणार, पत्रं मागवणार. धरणाचे इंजिनियर साहेब म्हणाले, "आहेत की. तुम्ही दिवसाचा एक मागता, आम्ही दिवसाचा एक पाठवतो. बाकीचे कुणी मागितलेच नाहीत." संध्याकाळपर्यंत आले.

मग आमच्या घराचे हाल सुरू झाले. ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर दुसऱ्या कामांत, म्हणून एक हिशोब घरी लावला. आतल्या खोलीत पंखा कॉम्प्युटरच्या दिशेने फिरवलेला, दारावर चिठ्ठी, "नदी चालू आहे." आमच्या घराची वायर जुनी. इस्त्री आणि सासूबाईंचा हीटर एकदम लागले की फ्यूज उडतो. पहिल्या खेपेला तसंच झालं. सासूबाईंचे पाय गार पडले, मी यांच्या शर्टाला इस्त्री लावलेली, आणि घर गप्प. आतून वन्सं आल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्यांनी काळोखात दोघींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बघा. मागणी वाढली, की नदी तुटते." मग हीटर आणि इस्त्री दोन्ही उचलून कपाटात ठेवून कुलूप लावलं. सासूबाईंना माझी शाल मिळाली, तीच, खड्यांच्या बेटाची. आमचे हे सुरकुतलेल्या शर्टात ऑफिसला जाऊ लागले आणि कुणी विचारलं तर "माशांसाठी" असं सांगू लागले.

अखेर नदी संपली. वन्संनी आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवलं. आता चित्र स्थिर नव्हतं, चालतं होतं. पहाटे वळण पिवळं, मग हिरवं आणि रुंद, मग कडेपासून लाल व्हायला लागतं आणि भराभर आत सरकतं. आम्ही थर्मास घेऊन बसलो होतो ती जागा मी ओळखली. त्यांनी मग दुसरं चित्र लावलं. पाणी तेवढंच, फक्त धरणाचे दरवाजे एकदम न आवळता सावकाश आवळलेले. हिरवा रंग तसाच आत सरकत होता, पण सावकाश, आणि मागे डबकी फारशी राहत नव्हती.

"त्यांना चालायला वेळ मिळतो," सासूबाई म्हणाल्या.

"पोहायला," हे म्हणाले.

"तेच ते."

बैठकीत काय झालं ते मला मासेवाल्या सरांनी सांगितलं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून. वन्सं त्या वेळी कपडे बदलायला गेल्या होत्या, आणि स्वतः त्यांनी एवढं नीट सांगितलं नसतं.

"उठल्या आणि पहिलंच वाक्य काय, तर अहवालातलं हिरवं चित्र माझं आहे आणि ते चुकीचं आहे. धरणाची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना वाटलं, आता ही बाई दुप्पट पाणी मागणार. त्यांच्या साहेबांनी पेनचं टोपणसुद्धा काढलं, 'नाही' असं लिहायला. मग मॅडमनी दोन्ही चित्रं लावली. साहेबांनी विचारलं, पाणी तेवढंच? तेवढंच. वीज तेवढीच? थोडी इकडची तिकडे होईल, सकाळची शेवटची. मग मागताय काय? मॅडम म्हणाल्या, घाई करू नका एवढंच."

"मग?"

"साहेब म्हणाले, वीजवाल्यांशी बोलावं लागेल, कायमचं लिहून देणार नाही. यंदाच्या विणीच्या हंगामापुरतं करून बघू. तुमच्या जाळ्यात काही आलं, तर परवान्यात घालू. नाही आलं, तर जसं होतं तसं." सरांनी चहा संपवला. "आता सगळं माझ्या जाळ्यावर. भोक असलं तर मेलो."

वन्सं बाहेर आल्या. "काय सांगत होते?"

"तुमची चुगली," मी म्हटलं.

पुढच्या दिवसांत घरात कुणी मुद्दाम नदीचा विषय काढत नव्हतं. पण सकाळी ऊन वर आलं की सासूबाई खिडकीतून उगाच आभाळ बघायच्या आणि म्हणायच्या, "आता आवळत असतील." मी प्रार्थनेत आमच्या माणसांची नावं घेते, त्यांच्यानंतर वळणही घेऊ लागले. सर आता भल्या सकाळी न जाता ऊन चढल्यावर नदीवर जायचे, आणि वन्सं त्यांच्याबरोबर. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेहून आल्या त्या शीळ घालत आल्या नाहीत, म्हणून मी दोरीवरचे कपडे काढायला निघाले. त्या मागोमाग गच्चीवर आल्या.

"मूठभर," त्या म्हणाल्या.

"काय मूठभर?"

"पिल्लं. जाळ्यात. फार नाहीत. सर म्हणतात, एका वळणाला इतकी म्हणजे ठीक, पुष्कळ नाहीत. डबक्यांतली अजून मरतात काही, वरच्या अंगाला. तिथला उतार मी पुन्हा मोजणार आहे." त्यांनी दोरीवरची चौकड्यांची चादर ओढली आणि दोन टोकं माझ्याकडे दिली. "पण कडेला होती, वहिनी. नदीत. पाणी ओढलं गेल्यावरसुद्धा."

सरांनी नदीवरूनच फोन करून धरणाच्या साहेबांना आकडा कळवला होता. साहेबांनी, सरावाने असेल, पहिल्यांदा सरासरी विचारली. मग त्यांना स्वतःलाच हसू आलं म्हणे, आणि म्हणाले, रोजचा वेगवेगळा पाठवा. हळू आवळायचं कलम परवान्यात येणार आहे, पुढची वीण बघून पक्कं होईल. वन्सं म्हणतात, एवढं पुरे आहे, एकदम कुणी देतं थोडंच.

चादर आम्ही पुरी घडी घातली. टोकं त्यांनी शेवटपर्यंत धरली, आणि तेही मी न सांगता. मग पायऱ्या उतरताना त्यांचा एक पाय चपक-चपक वाजत होता. उजव्या गमबुटाला टाचेपाशी चीर गेली आहे, आतला मोजा चिंब भिजला होता. येत्या सुट्टीला वरच्या अंगाला परत पाण्यात उतरायचं आहे, तेव्हा उद्या सकाळी ऑफिसला जाता-जाता वन्सं गमबूट कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्तीवाल्याकडे टाकणार आहेत.